दोन निवडुंग

आमच्या शेताच्या बांधावर दोन तऱ्हेचा निवडुंग होता. एक फड्या, तळहातासारख्या जाड फडांचा. त्याची लाल बोंडे दगडावर घासून, काटे काढून आम्ही खायचो. दुसरा त्रिधारी, खांबासारखा उभा वाढणारा. दोघांचेही अंग हिरवे आणि मांसल, दोघांनाही काटे, दोघेही पावसाशिवाय महिनोन्महिने तग धरणारे. आजी दोघांना निवडुंगच म्हणायची. पण वासरू त्रिधारीकडे वळले की ती हातातले काम टाकून धावायची, फड्याकडे गेले तर मानही वर करायची नाही. त्रिधारी मोडला की पांढरा चीक वाहतो आणि तो डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेतते. फड्या मोडला तर बोटाला नुसता बुळबुळीत ओलावा लागतो.

पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना कळले की आजीचा चीक हीच खरी परीक्षा. फड्या मूळचा अमेरिकेचा. त्याच्या जवळच्या भाऊबंदांत आपली घोळीची भाजी मोडते. त्रिधारी इथलाच, आणि त्याचे गोत्र एरंडाचे. दोघांच्या पूर्वजांना पाने होती, दोघांचेही रूप निराळे होते. कोरड्या जमिनीने आणि उन्हाने दोघांना एकाच साच्यात बसवले. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. सुरतेत आलो तर गुजरातीही याच ठिकाणी फसलेली दिसली. तिथे दोघेही ‘थोर’, आणि अमेरिकेहून आलेला तो ‘फाफडा थोर’. मराठी माणसाला थोर म्हटले की आधी जयंती-पुण्यतिथी आठवते, तो भाग वेगळा.

प्राण्या-वनस्पतींची उत्क्रांती आणि भाषांची उत्क्रांती या दोन गोष्टी दीडशेहून अधिक वर्षे एकमेकींशेजारी लावल्या गेल्या आहेत. दोन्हीकडे वंशवृक्ष आहेत, शाखा-उपशाखा आहेत, लोप पावलेले पूर्वज आहेत, अवशेष आहेत. दोन्हीकडे ‘जगण्याची धडपड’ही सापडते. हे साम्य दोन निवडुंगांतल्या साम्यासारखे आहे, मोडून पाहिले तर आतला चीक वेगळा निघतो, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. साम्य खोटे आहे असे नव्हे. बांधाला कुंपण घालायचे तर दोन्ही निवडुंग सारखेच कामाचे. वासराला मात्र फरक पडतो.

या विषयाचा इतिहास साधारणपणे कलकत्त्यापासून सांगतात. 1786 मध्ये विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य योगायोगाचे नाही. त्या कुठल्यातरी एकाच, कदाचित आता नसलेल्या, मूळ भाषेतून आलेल्या असाव्यात. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जर्मन पंडितांनी या विधानाचे शास्त्र बनवले. ऑगस्ट श्लायशर याने 1853 मध्ये या भाषांचा वृक्ष कागदावर काढला, तेव्हा डार्विनचा ‘ओरिजिन’ यायला अजून सहा वर्षे होती. म्हणजे भाषाशास्त्राने झाड जीवशास्त्राकडून उसने घेतले ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. श्लायशर बागकामाचा शौकीन होता. येना विद्यापीठातला त्याचा मित्र प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने त्याला डार्विन वाचायला लावला आणि 1863 मध्ये श्लायशरने हेकेललाच उद्देशून एक खुले पत्र छापले. त्याचा मथितार्थ असा की डार्विन जातींबद्दल जे म्हणतो ते भाषांबाबत आम्ही आधीच दाखवून दिले आहे. त्याच्या मते भाषा हा सजीवच. माणसाच्या इच्छेवर न चालता उगवणारा, वाढणारा, म्हातारा होणारा, मरणारा. डार्विननेही 1871 च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये भाषा आणि जाती यांची जडणघडण विलक्षण समांतर असल्याचे लिहिले आणि शब्दांच्या आपसांतल्या झगड्याबद्दल माक्स म्युलरचा हवाला दिला. अशा रीतीने दोन्ही शास्त्रे एकमेकांच्या जामिनावर सुटली.

विरोधही तेव्हापासूनच होता. अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी म्हणे, भाषा सजीव नव्हे, ती विवाह किंवा नाणे यांसारखी माणसांची संस्था आहे. 1872 मध्ये योहानेस श्मिटने झाडाऐवजी पाण्यातली लाट पुढे केली. बदल एका जागी उठतो, चहूकडे पसरतो, दुसऱ्या लाटेला छेदतो, आणि अशा छेदांच्या जाळ्यात फांदी कुठली ते सापडत नाही. शुखार्टने तर संकर न झालेली भाषाच नसते इथपर्यंत मजल मारली. लाइपझिगच्या तरुण मंडळींचा आग्रह याच्या उलट होता: ध्वनिबदल नियमाने होतात, अपवादाविना होतात, म्हणून वंश शोधता येतो. हे तिन्ही पक्ष आजही जिवंत आहेत, फक्त त्यांच्या हातात आता संगणक आहेत.

सुरतेशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. 1840 च्या दशकात मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर इथल्या इंग्रजी शाळेत होते. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्येच आले होते. 1844 मध्ये दुर्गाराम मेहता यांच्यासह त्यांनी इथे मानवधर्म सभा स्थापन केली. मराठी वैयाकरण आणि गुजराती मास्तर तापीकाठी जातिभेदावर आणि मूर्तिपूजेवर वाद घालत होते, तेव्हा श्लायशरचे झाड कागदावर उतरलेही नव्हते. आपल्या दोघांच्या भाषा किती जवळच्या, हा प्रश्न त्यांना पडला असेल तर बोलता बोलता पडला असेल.

आजच्या सुरतेत तो रोज पडतो. लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली माणसे लाखोंनी राहतात. तापी खोऱ्याच्या रेल्वेने भुसावळ-जळगावकडून अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा करत उधन्याला उतरायचे आणि लूमवर किंवा साडीच्या कारखान्यात लागायचे, हा दोन-तीन पिढ्यांचा रस्ता आहे. आमच्या गल्लीतली मुलगी घरी आजीशी अहिराणी बोलते, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकते, रस्त्यावर हिंदी आणि दुकानात गुजराती बोलते. शेजारी ओडिया आणि तेलुगू आहेतच. हिची भाषा कोणत्या झाडाची कोणती फांदी? तिला जनुके दोघांकडून मिळाली, आईकडून आणि बापाकडून, आणि ती जन्माच्या आधीच मिळून संपली. भाषा मात्र तिला अजून मिळतेच आहे. तिच्या वर्गातल्या मुलीही तिचे पूर्वजच म्हणायचे.

आता मुद्दा जवळून पाहू. जुन्या सुरतेत, नाणावटाच्या बाजूला, अस्सल सुरती माणूस ‘सारुं’ला ‘हारुं’ म्हणतो, ‘साचुं’ला ‘हाचुं’, आणि आपल्या गावाला ‘हुरत’. स चा ह होतो, आणि एखाददुसऱ्या शब्दात नव्हे, शब्दामागून शब्दात होतो. इथे पारशांची वस्ती जुनी, आणि इराणी भाषांचेही हेच लक्षण. संस्कृत सप्त तिकडे हप्त, सिंधूचा हिंदू. त्यामुळे सुरती ह हा पारशांकडून आला असे ठासून सांगणारे मला चहाच्या टपरीवर भेटले आहेत आणि एकदा व्यासपीठावरही. सिद्धांत मोहक आहे. पण ग्रीकांनीही सप्तचा हेप्ता केला, आणि अँडलुसियाचा स्पॅनिश माणूस अक्षराच्या शेवटचा स आजही ह सारखा सोडून देतो. स उच्चारायला जीभ आणि दात यांच्यामध्ये बारीक फट राखावी लागते. फट जरा सैल पडली की उरतो तो नुसता श्वास. जिथे माणसाला तोंड आहे तिथे हा बदल होऊ शकतो. हा ह म्हणजे निवडुंगाचा काटा. त्याच्यावरून सोयरीक जुळवू नये. गंमत अशी की मराठीत आपण भागवताचा सप्ताह बसवतो आणि फ्रिजचा हप्ता भरतो. एकाच शब्दाची घरची आणि इराणहून फिरून आलेली अशी दोन्ही रूपे एका घरात सुखाने नांदतात. प्राण्यात असे होत नाही. चुलत घराण्यातला अवयव परत येऊन आपल्या अवयवाशेजारी बसत नाही.

दुसरे उदाहरण माझ्या विशेष आवडीचे. सुरतेचा दुकानदार विचारतो, ‘शुं जोईए?’ मराठी दुकानदार विचारतो, ‘काय पाहिजे?’ दोन्ही शब्द दिसायला अगदी परके. पण जोवुं म्हणजे पाहणे, आणि पाहिजे हेही पाहण्याचेच जुने कर्मणी रूप. ‘पाहिले जाते’पासून ‘शोधले जाते’, तिथून ‘हवे आहे’, अशी अर्थाची वाट दोघांनी धरली. धातू निराळे, म्हणून शब्द समान वारशाचा नाही. मागचा प्रत्यय मात्र समान वारशाचा. संस्कृतातल्या कर्मणी ‘य’चीच प्राकृतातून उतरलेली ही दोन रूपे. आणि अर्थाची वाट? ती दोघांनी स्वतंत्र शोधली की शेजाऱ्याची पाहून धरली, हे नुसत्या रूपावरून ठरत नाही. हिंदीने ‘चाह’ घेऊन तिसरीच सोय केली. जीवशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, हे तर वटवाघळाचे आणि पक्ष्याचे पंख झाले. हाताची हाडे वारशाने सारखी, पंख मात्र दोघांनी आपापले घडवले. बरोबर आहे, आणि इथपर्यंत उपमा सुरेख चालते. पण वटवाघूळ शेजारच्या फांदीवरच्या पोपटाला पाहून उडायला शिकले, ही शक्यता जीवशास्त्रज्ञाला विचारात घ्यावी लागत नाही. भाषाशास्त्रज्ञाला ती प्रत्येक वेळी घ्यावी लागते. उपमा तुटते ती नेमकी इथे, आणि या पुस्तकाचा बराचसा भाग या एका तुटीभोवती फिरतो.

दोन्ही शास्त्रांनी स्वतंत्रपणे शोधलेला एक नियम मात्र खरोखर सामाईक आहे. भाषांत लेस्कीनने तो 1876 मध्ये मांडला, प्राण्यांत विली हेनिगने 1950 मध्ये. दोघांनी वाडवडिलांची एकच वस्तू जपली म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. वेगळे निघाल्यावर दोघांनी मिळून नवा माळा चढवला असेल तर ठरतात. मराठी आणि गुजराती दोघींनी नपुंसकलिंग राखले, हिंदीने सोडले. यावरून मराठी-गुजराती बहिणी आणि हिंदी परकी असे म्हणता येत नाही, कारण नपुंसकलिंग हा जपलेला जुना जिन्नस आहे. तेच आकड्यांचे. गुजरातीत दोनला ‘बे’. मराठीत दोन म्हणतो खरे, पण पाढा म्हणताना ‘बे एके बे’ सुरू होते, आणि बारा, बावीस, बत्तीस यांतही तोच ब. प्राकृतात दो, बे, दोण्णि, बेण्णि अशी सगळीच रूपे चालत. कुठल्या लेकीने माहेराहून कुठले भांडे नेले यावरून लेकींचे आपसांतले नाते कळत नाही.

अहिराणीवर येतो, कारण इथे प्रश्न पुस्तकातला राहत नाही. ‘रामना भाऊ’ म्हणताना ती गुजरातीच्या ‘रामनो भाई’शेजारी बसते, ‘शे’ म्हणताना ‘छे’शेजारी, पण ‘माले’ म्हणताना ‘मला’कडे सरकते. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने खानदेशीला मराठीच्या सातव्या खंडात न ठेवता नवव्या खंडात भिली बोलींबरोबर घातले. तो भाग 1907 मध्ये छापला गेला. मराठी अभ्यासकांना हे पचले नाही. जनगणनेत खानदेशी स्वतंत्र मोजली जाते आणि शाळेच्या पुस्तकात ती मराठीची बोली असते. 1960 मध्ये मुंबई राज्याचे दोन तुकडे होताना डांग गुजरातेत गेला. त्याआधी डांगी कोणाची यावर जो वाद झाला त्यात दोन्ही बाजूंनी शब्दांच्या याद्या नाचवल्या, आणि दोन्ही याद्या खऱ्या होत्या. झाडाचे चित्र डोक्यात असले की प्रत्येक बोलीला एकच आई हवी असते. म्हशींचे शास्त्र जाणणाऱ्यांना हा पेच पडत नाही. मेहसाणी म्हैस ही सुरती आणि मुऱ्हा यांच्या संकरातून आली असे ते सरळ लिहितात. भाषांची तुलना करायचीच तर जातींशी करण्यापेक्षा एका जातीतल्या वाणांशी केलेली बरी, असे माझे मत झाले आहे. पण म्हशीच्या उपमेलाही लंगडा पाय आहेच. तो पुढे यथास्थित दिसेल.

संकराचे टोक पाहायचे तर सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला जावे लागते. 1971 मध्ये गम्पर्झ आणि विल्सन यांनी तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की एका भाषेतले वाक्य शब्दागणिक दुसरीत ओतावे; शब्द तेवढे आपापले राहिले. त्याच ग्रंथात साउथवर्थने मराठीच्या जडणघडणीतच असा काही मिश्रणाचा काळ होता का, हा प्रश्न उभा केला. एमेनोने 1956 मध्ये अख्ख्या भारताला एक भाषिक प्रदेश म्हटले होते. कुपवाड म्हणजे त्याचे एका गावात मावलेले रूप. सांगाडा शेजाऱ्याचा आणि कातडी आपली, असा प्राणी अजून कोणी पाहिलेला नाही.

मराठी वाचकाला एक तिसरे झाडही परिचयाचे आहे, पण त्याला कोणी इथे आणून बसवत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 मध्ये हाती घेतली गेली आणि 1966 मध्ये पुरी झाली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी 1933 च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हस्तलिखितांचा वंशवृक्ष मांडला आणि तो मांडताना त्याच्या मर्यादाही दाखवल्या. लेखनिकापुढे एक पोथी असेल तर चुका वारशाने उतरतात आणि झाड काढता येते; पण तो दुसरी पोथी शेजारी उघडून पाठ जुळवू लागला की फांद्या एकमेकींत मिसळतात. सुकथनकरांची ती पाने मी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आधी वाचायला सांगतो. झाड वापरावे कसे आणि कुठे थांबावे, याचा इतका प्रामाणिक नमुना मला दुसरा माहीत नाही.

जीवशास्त्रही दरम्यान बदलले. जीवाणू एकमेकांना जनुके आडवी देतात हे आता सर्वमान्य आहे, आणि आपल्या पेशींतली तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जीवाणू होती हेही. त्यामुळे, बघा, जीवशास्त्रातही उसनवारी आहे, म्हणजे उपमा शेवटी खरीच ठरली, असा नवा सूर निघाला आहे. मला तो जुन्यापेक्षा जास्त फसवा वाटतो. जीवाणूला जनुक मिळते तेव्हा ते कोणाचे, याचा त्याला अभिमान नसतो. सुरतेतला खानदेशी पोरगा मुलाखतीला जाताना ‘शे’ गिळून ‘आहे’ म्हणतो, ते कोणाला काय वाटेल हे ओळखून.

हे सगळे आताच का? एक कारण संगणकी झाडे. स्वाडेशने 1950 च्या सुमारास मूलभूत शब्दांच्या याद्या करून त्यांच्या झिजेच्या वेगावरून भाषांची वये काढायचा घाट घातला. तो बदनाम झाला, पण 2003 मध्ये ग्रे आणि अ‍ॅटकिन्सन यांनी जनुकांसाठी बनवलेल्या पद्धती शब्दांना लावून भारोपीय कुळाचे वय काढले आणि तेव्हापासून असे वृक्ष वर्तमानपत्रांत येत असतात. रेषा सुबक असतात. कुठला शब्द उसना आणि कुठला वारशाचा हे आधी कोणीतरी हाताने ठरवलेले असते, ते चित्रात दिसत नाही. दुसरे कारण घरचे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण त्या निमित्ताने आमची भाषा तुमच्यापेक्षा जुनी अशी जी स्पर्धा कानावर आली ती झाडाच्या चित्रातूनच आलेली. जिवंत भाषांत कोणी कोणापेक्षा जुनी नसते, जसे आजचे माकड आजच्या माणसापेक्षा जुने नसते. जुने असते ते उपलब्ध लेखन, आणि तो मान लेखनाचा. तिसरे कारण ‘भाषा मरतात’ हा शब्दप्रयोग. गणेश देवींच्या लोकभाषा सर्वेक्षणाने 780 भाषा नोंदवल्या आणि त्यांच्या चिंतेत मीही आहे. पण शेवटचा प्राणी मेला की जात संपते; बोली संपते तेव्हा तिची माणसे जिवंत असतात, बऱ्यापैकी पगारावर असतात आणि मुलांशी दुसऱ्या भाषेत बोलत असतात. अभयारण्य काढून हा प्रश्न सुटणारा नाही. त्याची उत्तरे शाळा, नोकरी आणि लाज यांच्यात शोधावी लागतात.

पुस्तक दोन्ही शास्त्रे नवी असलेल्या वाचकासाठी आहे. जीवशास्त्र मी शिकवले आहे. भाषाशास्त्र निवृत्तीनंतर, उशिरा आणि हट्टाने शिकलो. त्यामुळे उपमा मला आधी पटली होती. वर्षानुवर्षे मी फळ्यावर श्लायशरचे झाड काढून त्यावरून जातींची उत्पत्ती समजावली, आणि मुलांना ती चटकन समजली याचेच मला पुढे भय वाटू लागले. युरोपातल्या भाषांची उदाहरणे इथे कमी सापडतील. ती इतरत्र भरपूर आहेत. तापीच्या खोऱ्यातली नाहीत. भारोपीयांचे मूळ घर कुठे, या वादात पुस्तक पडत नाही. तो वाद ज्या हत्यारांनी लढला जातो ती तपासणे एवढेच इथे केले आहे.

अहिराणी वाक्ये कानाला आली तशी लिहिली आहेत. धुळ्याचा वाचक म्हणेल असे नाही म्हणत, चाळीसगावचा म्हणेल असेच म्हणतो. दोघांनी पेन्सिलीने समासात आपापले रूप लिहावे. पुढच्या आवृत्तीला तीच सामग्री.

बांधावर आता तारेचे कुंपण आहे. गेल्या पावसाळ्यात डिंडोलीच्या घरातल्या गॅलरीसाठी रोपे आणायला गेलो, तर नर्सरीत एका प्लास्टिकच्या कुंडीत ओळखीचा खांब दिसला. नर्सरीवाल्याने पावतीवर ‘कॅक्टस, 120 रुपये’ असे लिहून दिले. रिक्षातून आणताना त्याचे एक टोक मोडले आणि सदऱ्याच्या बाहीला पांढरा चीक लागला.